मिनोटॉरसाठी भुलभुलैया: आराखडा तपासून हवा आहे (मापांसकट)

कोडेकर

ग्रीक पुराणकथेत मिनोस राजाने क्रीट बेटावर डीडॅलस या कारागिराकडून मिनोटॉरला, म्हणजे बैलाच्या डोक्याच्या माणसाला, कोंडायला भुलभुलैया बांधून घेतला. तेच काम कागदावर पुन्हा करायचं आहे, पण यावेळी मापं लावून. कथा सगळ्यांना पाठ असते. जनावर आत का राहतं, भिंत धडक सोसते का, पावसाचं पाणी कुठे जातं, याचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही. म्हणून हा धागा.

गृहीतकं अशी: बैलाचं डोकं, माणसाचं धड आणि हातपाय. उंची २.४ मीटर, वजन ४०० किलो, शिंगांच्या टोकांमधलं अंतर १ मीटर. बुद्धी जनावराची, पण चौकस. जागा ४० × ४० मीटर, सपाट. साहित्य दगड आणि चुना. मुख्य अट म्हणजे कुलूप, फाटक, पहारेकरी यांतलं काहीही नाही. वाट कायम उघडी. जनावर आत राहायचं ते फक्त रचनेमुळे, आणि वाट माहीत असलेल्या माणसाला ये-जा करता आली पाहिजे.

पहिला आराखडा: १७ × १७ घरांची जाळी. बोळ दीड मीटर, भिंत पाऊण मीटर, म्हणजे एका घराचा पल्ला २.२५ मीटर, बाहेरची भिंत धरून बाजू ३९ मीटर. मधोमध ५ × ५ घरांचं अंगण, तिथे जनावर. उरलेल्या २६४ घरांत जितके आंधळे बोळ बसवता येतील तितके बसवलेत. अंगणापासून बाहेरच्या तोंडापर्यंत नेमकी एकच वाट. भिंतींची उंची साडेचार मीटर, वर छप्पर नाही.

चुका दाखवा. कौतुक नको आहे.

वाटाड्या

इतकी यातायात कशाला? आपला चक्रव्यूह आहे की. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर अभिमन्यूच्या प्रसंगात कोरलेला आहे, तोच आकार घ्या.

आलेख

वाटाड्या, त्या शिल्पातला चक्रव्यूह आणि क्रीटमधल्या क्नोसोस शहराच्या जुन्या नाण्यांवरचा भुलभुलैया हे एकाच घराण्यातले आकार आहेत. त्यात फाटा नसतो. एकच वाट वळत वळत मध्यापर्यंत जाते आणि तशीच परत येते. चालणारा थकेल, चुकणार नाही. अभिमन्यू अडकला तो आकारामुळे नव्हे. जयद्रथाने तोंडाशी पांडवांना रोखून धरले आणि आत महारथी उभे होते म्हणून. पहारा नाही, ही तर धाग्याची पहिली अट आहे.

फ्रान्समध्ये शार्त्रच्या कॅथेड्रलमधला फरशीवरचा भुलभुलैयाही असाच. ११ फेरे, व्यास जेमतेम १३ मीटर आणि वाटेची लांबी अडीचशे मीटरच्या वर. कमी जागेत लांब वाट गुंडाळायला हा आकार उत्तम. अडवायला निरुपयोगी.

आता कोडेकरांच्या आराखड्याकडे. अंगणाच्या भिंतीपासून बाहेरच्या भिंतीपर्यंत सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्या आहेत. दोन जागांमध्ये एकच वाट असली की असे होतेच. अशा रचनेत एक हात भिंतीला लावून, तो न उचलता चालत राहिले की बाहेरचे तोंड येतेच. लंडनजवळ हॅम्प्टन कोर्टचा झुडपांचा भुलभुलैया सतराव्या शतकाच्या शेवटी लावला, तोही या एका युक्तीने सुटतो. तुमच्या जनावराला हात आहेत. आणि हात नसते तरी गुरे भिंतीला अंग घासत चालतातच.

कोडेकर

हे बसलं. पण जनावराने युक्ती वापरलीच नाही, नुसतं भटकलं, तर लांबीचा काही उपयोग? २८९ घरं सलग एका रांगेत मांडली तर?

आलेख

प्रत्येक घरात नाणे उडवून पुढे की मागे हे ठरवणारा प्राणी धरला, तर बंद टोकापासून उघड्या टोकापर्यंत जायला सरासरी पावले अंतराच्या वर्गाइतकी लागतात. अंतर २८८ घरे, म्हणजे २८८ × २८८ = ८२,९४४.

यापेक्षा वाईट, म्हणजे आपल्यासाठी चांगली, रचना अशी: आत मोकळ्या घरांचा चौकोन आणि त्याला जोडलेली एक लांब शेपटी. शेपटीच्या मुळापासून टोकापर्यंतची सरासरी = लांबीचा वर्ग + २ × चौकोनातल्या जोडण्या × लांबी. जोडणी म्हणजे शेजारच्या दोन घरांमधली मोकळी वाट. १० × १० च्या मोकळ्या चौकोनात १८० जोडण्या होतात, उरलेल्या १८९ घरांची शेपटी. ३५,७२१ + ६८,०४० = १,०३,७६१ पावले. भटके जनावर शेपटीतून परत परत चौकोनात घसरते, तो वेळ यात मोजला जातो.

गोठेकर

गणित बरोबर असेल, जनावर चुकीचं आहे.

बोळात शिरलेलं गुरू मधेच उलटं फिरत नाही. समोर मोकळं दिसतंय, मागून भीती नाही, तर ते पुढेच जातं. तुमची २८८ घरं म्हणजे ६४८ मीटर. ताशी ४ किलोमीटरच्या चालीने दहा मिनिटांत बाहेर. लांबी हा अडथळाच नाही. अडथळा असतो तो फाट्यावर, तिथे जनावर काय *बघतं* त्यावर.

आंधळे बोळ तर काढूनच टाका. जनावर टोकाला जातं, परत फिरतं, आणि एक चुकीची वाट कायमची बाद होते. म्हणजे तुम्हीच त्याला शिकवताय. शिवाय टोकाची भिंत समोर उभी राहिली की चिडलेलं जनावर तिथेच डोकं आपटणार. भिंतीची सगळ्यात जास्त झीज आंधळ्या बोळांच्या टोकांना होईल.

बैलाच्या डोक्याबद्दल पक्कं ठरवून घ्या, कारण सगळा आराखडा त्यावर उभा राहतो:

डोळे बाजूला. जवळजवळ ३३० अंशांत दिसतं, अगदी पाठीमागचा चिंचोळा भाग तेवढा दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी एकदम दिसतं ते फक्त समोरच्या अरुंद पट्ट्यात, म्हणून खोलीचा अंदाज कच्चा. जमिनीवर सावली पडली असेल तर खड्डा आहे की नुसता रंग हे त्याला चटकन कळत नाही. थांबतं, मान खाली घालतं, हुंगतं, मग बुजतं. अंधारातून उजेडाकडे जातं, उजेडातून काळ्या भोकात जायला तयार होत नाही. लाल रंगाने पिसाळतं ही ऐकीव गोष्ट. त्याला लाल वेगळा दिसतच नाही, हलणारी वस्तू दिसते.

गुरांसाठीच्या चांगल्या गल्ल्या वळणाच्या आणि भरीव भिंतींच्या करतात, त्या याच कारणाने. जनावर सुखाने पुढे सरकावं म्हणून. आपल्याला ते सगळे नियम उलटे वापरायचे आहेत.

सांजवात

चार पायांचा असता तर? मध्ययुगीन चित्रांत काही ठिकाणी बैलाचं शरीर आणि वर माणसाचं धड असाही काढलाय.

गोठेकर

मग काम फार सोपं झालं असतं. मोठ्या गुरांची एकेरी गल्ली ७० ते ७५ सेंटिमीटर रुंद ठेवतात, कारण त्यात जनावराला वळता येत नाही. बोळ शरीराच्या लांबीपेक्षा पुरेसा अरुंद केला की चाल आपोआप एकाच दिशेची होते. मग बाहेरचा फाटा पाठीमागच्या बाजूला तिरका काढायचा, तो त्याच्या उपयोगाचाच राहत नाही. दोन पायांवरचं धड मात्र कुठेही गर्रकन वळतं, त्यामुळे हा मार्ग इथे बंद.

चिरेबंदी

भिंतीचा हिशोब आधी करूया, मग वाटा. धडक सोसली नाही तर वाटांना अर्थ नाही.

पाऊण मीटर जाड, साडेचार मीटर उंच, दगडी बांधकाम घनमीटरला २४०० किलो. एक मीटर लांबीचं वजन ८१०० किलो, म्हणजे सुमारे ७९ किलोन्यूटन. ती उलटायला तिच्या पायाच्या कडेभोवती ७९ × ०.३७५, साधारण ३० किलोन्यूटन-मीटर लागतात. धडक दीड मीटर उंचीवर बसली तर दर मीटर लांबीला २० किलोन्यूटन. धक्का आजूबाजूला पसरून तीन मीटर भिंत एकत्र विरोध करते असं धरलं, तर ६० किलोन्यूटन. चुन्याची पकड यात धरलेली नाही, ती जादाची समजा.

आता जनावर. ४०० किलो, सेकंदाला ८ मीटर वेग: १२,८०० ज्यूल. मान आणि खांदे दबून २० सेंटिमीटरात थांबलं तर सरासरी ६४ किलोन्यूटन. भिंत हरली. तेच ४ मीटर वेगाने आलं तर ३,२०० ज्यूल, १६ किलोन्यूटन. भिंतीला काही होत नाही. वेग निम्मा केला की जोर चौथाईवर येतो, म्हणून भिंत जाड करत बसण्यापेक्षा मुसंडी मारायला जागाच ठेवू नका.

आणि लक्षात ठेवा, भिंतीचं मोकळं टोक सर्वांत कमजोर असतं. मधल्या भागाला दोन्हीकडून आधार मिळतो, टोकाला एकाच बाजूने. म्हणजे प्रत्येक उघडी जागा ही वाट आहेच, पण ती तुमची पहिली पडझडही आहे. तिथे आरपार लांबीचे दगड घालावेच लागतील, एकाआड एक थरात. नुसत्या दर्शनी चिऱ्यांवर भागणार नाही.

कोडेकर

आलेख, हाताची युक्ती मोडायला काय करू? आणि गोठेकर म्हणतात तसे आंधळे बोळ काढले तर उरतं काय?

आलेख

भिंतींची बेटे करा. जी भिंत बाहेरच्या भिंतीला कुठेही जोडलेली नाही, तिला हात लावून चालणारा तिच्याभोवतीच फिरत राहतो. इंग्लंडमधल्या चेव्हनिंगच्या भुलभुलैयात, १८२० च्या दशकात, मुद्दाम हेच केले गेले.

तुमच्या जाळीत ते सहज बसते. अंगणाभोवती सहा चौकोनी फेरे करा, एकात एक. आतून बाहेर त्यांत २४, ३२, ४०, ४८, ५६ आणि ६४ घरे येतात. बेरीज २६४, म्हणजे तुमच्याकडे आहेत तितकीच. दोन फेऱ्यांमधल्या प्रत्येक भिंतीत एकच फट ठेवा. फेऱ्यांना आडवी भिंत कुठेही घालू नका. मग प्रत्येक भिंत सुटी राहते. हात लावून चालणारा फटीतून बाहेरच्या फेऱ्यात जाईल, त्याच भिंतीच्या बाहेरच्या अंगाने पूर्ण वळसा घालेल, आणि फटीच्या दुसऱ्या कडेने परत आत येईल. अंतहीन.

हात न लावता नुसते पुढे चालणाऱ्याचेही तेच. फेऱ्याला टोक नाही, म्हणून 'चुकलो' असे कळण्याची जागाच येत नाही. आंधळा बोळ एकही नाही.

मोह होईल की वाट लांबवण्यासाठी एखादी आडवी भिंत घालावी. एका आडव्या भिंतीने दोन बेटे जोडली जातात. अशा पुरेशा भिंती झाल्या की सगळे बाहेरच्या भिंतीला जोडले जाते आणि आपण पुन्हा हॅम्प्टन कोर्टवर येतो.

सांजवात

पण याला तोडगा आहे ना? वाटेवर खुणा करत जायचं?

आलेख

आहे. ट्रेमो या फ्रेंच माणसाची पद्धत, ल्यूकाने १८८२ मध्ये छापलेली. प्रत्येक बोळात शिरताना आणि निघताना खूण करायची, दोन खुणा असलेल्या बोळात पुन्हा जायचे नाही, नवा बोळ जुन्या चौकात उघडला तर आल्या वाटेने परत. कुठल्याही स्थिर भुलभुलैयातून याने सुटका होते, बेटे असोत वा नसोत. सरळ सांगायचे तर खुणा करणाऱ्याला अडवणारी भिंतींची रचना अस्तित्वातच नाही. दुसरी पद्धत प्लेज नावाची, वळणांची बेरीज-वजाबाकी ठेवण्याची. तिने बेटांमधूनही बाहेर पडता येते. ती बैलाला जमणार नाही.

गोठेकर

खुणा मात्र जमतात, आणि त्या तो न ठरवता करतो. मूत, शेण, अंगाचा वास. आज गेलेला बोळ उद्या त्याला नाकाने कळतो.

म्हणून धोका पहिल्या काही दिवसांचा आहे. नंतर सगळीकडेच वास बसतो आणि खुणेला अर्थ राहत नाही. उपाय सोपा आहे: जनावर आत सोडण्याआधी त्याच्याच गोठ्यातलं ओलं गवत आणि शेणपाणी सहाही फेऱ्यांत सारखं पसरून टाका. कोऱ्या फरशीवर सोडू नका.

आणखी एक, याकडे कुणाचं लक्ष जात नाही. बाहेरच्या तोंडातून वारा येतो. बैलाला वाट दिसण्याआधी हुंगता येते. सगळं बंदिस्त आणि एकाच भोकातून झुळूक, असं झालं तर ते थेट तिथे जाऊन उभं राहील. छप्पर नाही हे या कारणासाठी चांगलंच आहे, वारा वरून सगळीकडे सारखा पडतो.

कोडेकर

मग फटीच लपवायच्या. प्रत्येक फेऱ्याच्या बाहेरच्या भिंतीत दर दोन घरांना एक कोनाडा घालतो, म्हणजे १२, १६, २०, २४, २८, ३२, मिळून १३२. त्यातले सहा खरे, बाकी नुसते. लखनौच्या बड्या इमामबाड्यातल्या भुलभुलैयात (१७८४) एकसारखी ४८९ दारं असल्याचं सांगतात, युक्ती तीच. सारखेपणा.

चिरेबंदी

पाऊण मीटरच्या भिंतीत ४५ सेंटिमीटरचा कोनाडा कोरला तर मागे ३० उरतात. १३२ ठिकाणी भिंत कागदासारखी. नको.

उलटं करा. कोनाड्याच्या जागी भिंत आतल्या बाजूला ४५ सेंटिमीटर फुगवा, दीड मीटर रुंदीत, तळापासून माथ्यापर्यंत. त्या फुगवट्यात कोनाडा घ्या: ६० सेंटिमीटर रुंद, २ मीटर उंच, ४५ खोल. मागची पाऊण मीटर भिंत शाबूत राहते आणि फुगवटा तिला धिरा देतो. खऱ्या सहा ठिकाणी कोनाडा भिंतीतूनही आरपार न्यायचा, एकूण १.२ मीटर खोल. २.४ मीटरच्या जनावराला तिथून जायला वाकावं लागतं आणि एक मीटरची शिंगं तिरकी करावी लागतात. माणूस सरळ चालत जातो.

कोनाड्याच्या वरचं बांधकाम भरीवच ठेवा. आधी दोन सुटे खांब आणि वर एक शिळा टाकावी असं मनात आलं होतं, पण ६० सेंटिमीटरवर समोरासमोर खांब असले की हात-पाय रोवून वर चढता येतं, आणि अडीच मीटरवर शिळा म्हणजे उभं राहायला पायरी. तिथून माथा दोन मीटरच. सपाट भिंतीवर त्याचे हात फार तर ३.१ मीटरपर्यंत पोचतील, उडी धरून ३.७. वर ८० सेंटिमीटर शिल्लक राहतात. माथ्याला आतल्या बाजूला ३० सेंटिमीटर पुढे आलेली शिळा द्या आणि गिलावा गुळगुळीत ठेवा. हाडं आणि खरकटं भिंतीलगत साठू देऊ नका, त्याचा ढीग हीच शिडी होते.

फुगवट्यामुळे दीड मीटरच्या बोळात १.०५ मीटर उरतात. दर साडेचार मीटरला एकाच बाजूने अंग चोरावं लागलं की पूर्ण वेग येत नाही.

कोपरे काटकोनात ठेवू नका, ४५ अंशांत कापा. समजा फुगवटे चुकवून ८ मीटरच्या वेगाने आलंच, तरी तिरकी धडक बसते. भिंतीकडचा वेग ५.७, जोर १२,८०० चा ६,४०० ज्यूल, म्हणजे ३२ किलोन्यूटन. आपली भिंत ६० सोसते.

गोठेकर

कोनाडे आतून काळ्या गिलाव्याचे करा, बोळ चुन्याने पांढरे. उन्हात उभ्या असलेल्या बैलाला ते १३२ भोकं दिसतील आणि एकातही शिरावंसं वाटणार नाही. पण खऱ्या सहातून पलीकडचा उजेड दिसला तर सगळं वाया. उजेड दिसला की ते वाकेल, शिंगं घासत जाईल, पण जाईल.

चिरेबंदी

मग पलीकडच्या फेऱ्यात फटीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर माथ्यावर शिळा टाकू. दीड मीटरचा गाळा २० सेंटिमीटर जाडीची शिळा सहज पेलते. समोरची भिंतही तेवढ्या भागात काळी. आच्छादलेला भाग ही खूण होते हे खरं, पण ती आत जाणारी फट दाखवते, बाहेर जाणारी नाही. जनावराला तिचा फायदा नाही. आत शिरणाऱ्या माणसाला मात्र आहे.

वाटाड्या

मला एक पटत नाही. फट ६० ऐवजी ४५ सेंटिमीटर ठेवली तर ४०० किलोचं धड त्यातून जाणारच नाही. मग सहा फेरे, १३२ कोनाडे, काहीच नको. एक खोली आणि एक फट पुरे.

कोडेकर

अगदी रास्त प्रश्न. कथेप्रमाणे लहानपणीच कोंडलं असेल तर ते आत वाढेल आणि फट त्याला अपुरी पडेल, हे खरं. पण मग सगळा भार त्या एका फटीवर येतो. रोज तेच एक भोक समोर, रोज त्याच कडांवर शिंगं. चिरेबंदी म्हणाले तसं मोकळं टोक सर्वांत कमजोर. दोन बोटं दगड निखळला की ४५ चे ५० होतात, मग ५५. फेऱ्यांच्या रचनेत त्याला कुठे धडकायचं हेच माहीत नसतं, आणि एक फट ढासळली तरी पाच उरतात. मी ६० वरच राहतो.

आलेख

कमकुवत बाजूही लिहून ठेवूया. जनावर भित्रे नसेल आणि एकेक कोनाडा क्रमाने तपासत गेले, तर प्रत्येक फेऱ्यात सरासरी निम्म्याहून थोडे जास्त कोनाडे पाहावे लागतील: ६.५, ८.५, १०.५, १२.५, १४.५, १६.५. बेरीज ६९. हे एका दिवसाचे काम आहे. म्हणजे रचना मोजणीवर टिकत नाही, गोठेकर म्हणतात त्या बुजण्यावर टिकते. बुजणे कमी झाले की सुरक्षितता गेली.

गोठेकर

सहमत, आणि बुजणं कमी होतंच. गुरांना थोपवायला रस्त्यावर लोखंडी गजांची जाळी टाकतात, काही गुरं नुसत्या रंगवलेल्या आडव्या पट्ट्यांनाही थांबतात. पण एकदा एखाद्याने पट्ट्यांवर पाय ठेवून पाहिला आणि काही झालं नाही, की पट्टे संपले. या जनावराचे पाय माणसाचे, जाळीत अडकणार नाहीत. बुजतात ते डोळे.

म्हणून पहिले काही नुसते कोनाडे रिकामे सोडू नका. अंगणाजवळच्या फेऱ्यातल्या अकरा खोट्या कोनाड्यांत गुडघ्याच्या उंचीला बोथट दगडी खुंटे ठेवा. वाकून डोकं घातलं की नडगीला लागलं पाहिजे, जखम न होता. जनावर ठिकाण लक्षात ठेवतं आणि सारख्या दिसणाऱ्या जागाही टाळतं. खऱ्या कोनाड्यात खुंटा नसेल, पण तिथवर बहुधा ते पोचणारच नाही.

चारा-पाणी कायम अंगणात, ठरल्या वेळी. भुकेलं जनावर शोधाशोध करतं. पोट भरलेलं जनावर ठरलेल्या जागी बसतं. आराखड्यापेक्षा याचा परिणाम मोठा असेल.

सांजवात

आणि दोरा? मिनोटॉरला मारायला आत गेलेल्या थीसियसला परत येता यावं म्हणून राजकन्या अ‍ॅरिअ‍ॅड्नीने दिलेला गुंडा इथे चालेल का? किती लागेल?

आलेख

चालेल. दोरा कुठल्याही रचनेत चालतो, त्याला उत्तर नाही. अत्यंत वाईट परिस्थितीत माणूस सगळी घरे फिरला तरी ६५० मीटर. मध्यम जाडीची विणायची लोकर १०० ग्रॅमला साधारण २०० मीटर भरते, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमचा गुंडा. एका हातात मावतो.

फक्त गुंडा हातात हवा आणि टोक दाराला बांधलेले, जसे कथेत आहे. गुंडा दाराशी ठेवून टोक ओढत आत गेलात तर प्रत्येक कोपऱ्यावर घर्षण गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.३ धरला तर चार काटकोनांनंतर ओढ साडेसहा पट, आठांनंतर ४३ पट. दोरा तुटतो. चिरेबंदींनी कोपरे ४५ अंशांत कापले तरी फरक पडत नाही. एकूण वळण तेवढेच राहते.

चिरेबंदी

पाण्याचं राहिलं. ३९ × ३९ म्हणजे १५२१ चौरस मीटर, वर छप्पर नाही. ५० मिलिमीटर पाऊस पडला की ७६ घनमीटर पाणी आत. फटी सहाच, त्याही एकमेकींसमोर नाहीत, त्यामुळे प्रत्येक फेरा हौद होतो आणि भिंतीचा पाया भिजतो. चुन्याच्या कामाला हे फार वाईट.

सोपा मार्ग म्हणजे फरशीला बाहेरच्या तोंडाकडे उतार. तोच करायचा नाही. पाणी ज्या दिशेने वाहतं ती बाहेरची दिशा, हे जनावराला पायाखाली कळेल. प्रत्येक फेऱ्यात दर ९ मीटरला पाणी जायचं तोंड ठेवा, दोन्हीकडून त्याकडे ८० ला १ उतार; साडेचार मीटरात जेमतेम साडेपाच सेंटिमीटर पडतात, चालताना जाणवत नाहीत. खालून भाजक्या मातीचे नळ भिंतींच्या पायाखालून सरळ बाहेर, वाटांशी काही संबंध न ठेवता. क्नोसोसच्या राजवाड्यात असे एका टोकाला निमुळते, एकात एक बसणारे नळ सापडले आहेत, तीच पद्धत इथे चालते. तोंडावरची दगडी जाळी कोनाड्यासमोर येऊ देऊ नका. गुरं जाळीला बुजतात हा फायदा वाटेल, पण खऱ्या कोनाड्यासमोर जाळी आणि खोट्यासमोर नाही असं झालं तर तीच ओळख ठरते.

कोडेकर

सुधारित आराखडा असा: सहा फेरे, सुट्या भिंती, आडवी भिंत एकही नाही. १३२ कोनाडे, खरे सहा, लागोपाठच्या दोन फटी एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना. बाहेरच्या सर्वांत मोठ्या फेऱ्याची फट हेच तोंड. कापलेले कोपरे. पाऊण मीटरच्या माथ्यावरून चालत जाऊन अंगणात चारा टाकायचा. भिंती सुट्या असल्यामुळे एका माथ्यावरून दुसऱ्यावर जायला दीड मीटरच्या बोळावर हलवता येणारी फळी लागेल, ती काम झाल्यावर बाहेर काढून ठेवायची. आतल्या आच्छादनाच्या शिळा मात्र दोन भिंतींना माथ्यावर जोडतात. आलेख, त्याने बेटं जोडली जातात का?

आलेख

नाही. बेट ठरते ते जमिनीच्या पातळीवर, हात आणि पाय पोचतात तिथे. शिळा साडेचार मीटरवर आहेत. उलट त्या पाच ठिकाणी फळीचीही गरज नाही.

तपासणीसाठी जमिनीच्या पातळीचा नकाशा काढा आणि प्रत्येक सुटी भिंत वेगळ्या रंगाने भरा. रंग सात यायला हवेत: सहा फटींच्या सहा भिंती, आणि सातवी अंगणाची. अंगणात सुटा हौद किंवा गव्हाण असेल तर तो रंग जादा. सातपेक्षा कमी आले तर कुठेतरी दोन भिंती चिकटल्या आहेत.

चिरेबंदी

बांधायला आतून बाहेर जा. अंगणाची भिंत आधी, मग एकेक फेरा. बाहेरची भिंत आधी उभी केली तर पाच हजार टनांच्या आसपासचा दगड ६० सेंटिमीटरच्या भोकातून आत न्यावा लागेल. नळ मात्र सगळ्यांच्या आधी, पायाबरोबरच. नंतर भिंतीखाली खोदता येत नाही. चुन्याचा प्रत्येक थर पुरता वाळू द्या, घाईने चढवलेल्या साडेचार मीटर भिंतीचा मधला चुना ओलाच राहतो आणि पहिली धडक तिथे बसते.

गोठेकर

आणि जनावर आणायचं ते सगळं पूर्ण झाल्यावर, रात्री, डोळे झाकून, आणि सरळ नाही. प्रत्येक फेऱ्यात दोन-दोन वळसे घालून. फटीतून नेताना मान धरून वाकवावी लागेल, ती जागा त्याच्या लक्षात राहते. म्हणून प्रत्येक फेऱ्यात दोन-तीन खोट्या कोनाड्यांपाशीही तसंच वाकवा, डोकं आत घालायला लावा आणि मागे घ्या.